बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं: रुग्णवाहिका येईपर्यंतची कामं, क्रमानं

प्रथमोपचाराच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात मी एकाच प्रकारे करते. एकाला सतरंजीवर उताणं झोपवते, डोळे मिटायला सांगते आणि बाकीच्यांना विचारते, "हा बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे. आता काय कराल?" बहुतेक वेळा पुढे येणारा पहिला हात त्याच्या मानेखाली जातो. कुणी डोकं मांडीवर घेतं, कुणी पिशवी दुमडून उशीसारखी सरकवतं, कुणी पाणी मागवतं, एखाद्या आजी कांदा फोडून हुंगवायला सांगतात. सगळं मायेपोटीच चाललेलं असतं. पण यातल्या एकाही गोष्टीचा त्या माणसाला उपयोग नाही, आणि उशी व पाणी या दोन गोष्टी तर त्याच्या जिवावर बेतू शकतात.

शुद्ध हरपली की अंगातले स्नायू सैल पडतात, आणि जीभ हाही स्नायूच आहे. माणूस उताणा असेल तर ती मागे घसरून घसा अडवते. डोक्याखाली उशी आली की हनुवटी छातीकडे जाते आणि उरलीसुरली वाटही दुमडते. उलटी तोंडात आली तर शुद्धीतला माणूस खोकून ती बाहेर टाकतो. बेशुद्ध माणसाला ठसका येईलच असं नसतं, मग तीच उलटी श्वासनळीत उतरते. म्हणजे ज्या कारणानं तो पडला त्यातून कदाचित वाचला असता असा माणूस, केवळ उताणा ठेवल्यामुळे गुदमरून जाऊ शकतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. कुशीवर वळवणं सगळ्यांना लक्षात राहतं, त्याआधीचं श्वास तपासणं विसरतं, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

## आधीची तयारी

जागा बघा. धावत जाण्याआधी क्षणभर थांबून नजर फिरवा. वाहनं येतायत का, तुटलेली वीजवाहिनी पडली आहे का, गॅसचा वास आहे का. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद झाला पाहिजे. रस्त्यावर तार तुटून पडली असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांबच राहा. विहिरीत, शौचालयाच्या टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये कुणी बेशुद्ध पडलं असेल तर मागोमाग उतरू नका. आतल्या विषारी वायूनं पहिल्याला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरेही जातात.

माणूस नेमा. "अरे कुणीतरी फोन करा" असं ओरडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करतोय. बोट दाखवून सांगा: "दादा, तुम्ही, निळा शर्ट, १०८ लावा आणि लागला की मला येऊन सांगा." १०८ लागत नसेल तर ११२. एकटे असाल तर फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि शेजारी जमिनीवर ठेवून द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

हात झाका. रक्त, उलटी किंवा फवारणीचं औषध अंगावर असेल तर हातमोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या हातात चढवा. शेतात फवारणी करताना पडलेल्या माणसाचे भिजलेले कपडे काढताना हे विसरू नका. ते औषध तुमच्याही कातडीतून शरीरात जातं.

रस्त्यावरच्या जखमीला हात लावायला लोक अजून बिचकतात, "पोलिसांचं लफडं नको" म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं आहे. सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. वर्गात हे ऐकल्यावर अनेकांचे खांदे सैल होताना मी पाहिलेत, म्हणून इथेही सांगितलं.

## टप्पा १: हाक मारा, खांदे हलवा

दोन्ही खांदे धरून जरा जोरात हलवा आणि कानाजवळ मोठ्यानं विचारा: "काका, ऐकू येतंय का? डोळे उघडा." डोळे उघडले, हुंकार दिला, हात हलवला तर तो प्रतिसाद आहे. काहीच नाही तर टप्पा २.

उंचावरून पडलेला किंवा गाडीवरून फेकला गेलेला माणूस असेल तर हलवू नका. खांद्यावर थोपटा आणि हाक मारा.

हे करू नका: गालावर चापट्या, तोंडावर पाण्याचे सपकारे, कांदा किंवा चप्पल हुंगवणं. यात वेळ जातो आणि नाकातोंडात पाणी गेलं तर नवं संकट उभं राहतं.

## टप्पा २: श्वासाची वाट मोकळी करा

माणूस पालथा असेल तर आधी उताणा करा, कारण पालथ्या माणसाचा श्वास नीट कळत नाही. एक तळवा कपाळावर ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली. कपाळ हळूच मागे, हनुवटी वर. घशाकडच्या मऊ भागावर बोटं दाबू नका, त्यानं जीभ उलट वर ढकलली जाते.

तोंड उघडून बघा. आपल्याकडे इथे एक खास गोष्ट सापडते: गालात दाबलेली तंबाखूची गोळी, गुटखा, पान. दिसत असेल तर बोटानं काढून टाका. कवळी सैल झाली असेल तर काढा, घट्ट बसलेली असेल तर राहू द्या. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी घशात बोट फिरवू नका. अडकलेली वस्तू आणखी खाली जाते.

## टप्पा ३: दहा सेकंद श्वास तपासा

तुमचा कान त्याच्या तोंडाजवळ, नजर छातीकडे. छाती-पोट वरखाली होतंय का बघा, श्वासाचा आवाज ऐका, गालावर वाफ जाणवते का बघा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पदर, शाल किंवा जाड स्वेटर आड येत असेल तर बाजूला करा. नाडी शोधत बसू नका. गडबडीत आपल्याला स्वतःच्याच बोटांतली नाडी लागते.

इथे दोन आवाज ओळखता आले पाहिजेत.

पहिला, आचके. हृदय थांबल्यावर काही मिनिटं माणूस मध्येच तोंड वासून, मासा पाण्याबाहेर करतो तसा, एखादा श्वास घेतो आणि पुन्हा बराच वेळ काही नाही. भोवतीचे म्हणतात, "श्वास आहे, श्वास आहे!" तो श्वास नव्हे. आचके दिसले की हृदय बंद आहे असंच धरायचं.

दुसरा, घोरणं. बेशुद्ध माणूस घोरतो तेव्हा त्याची जीभ घशात अर्धी पडलेली असते. माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं. लग्नघरी रात्री त्यांनी बरीच घेतली होती. हाका मारल्या, उठले नाहीत. घोरण्याचा आवाज येत होता. "झोपलेत, झोपू दे" म्हणून आम्हीच त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली आणि दार ओढून घेतलं. पहाटे चहा घेऊन गेलेल्या मावशीला ते थंड सापडले, तोंडात आणि उशीवर उलटी होती. त्या रात्री आम्हा दहा-बारा जणांपैकी एकालाही कुशीवर वळवणं माहीत नव्हतं. दारूनं असो वा कशानंही, हाक मारून आणि हलवून जो उठत नाही तो झोपलेला नाही, बेशुद्ध आहे.

इथे थांबून ठरवा:

- प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके: टप्पा ४.
- प्रतिसाद नाही, श्वास नीट चालू, मार लागल्याची शंका नाही: टप्पा ५.
- प्रतिसाद नाही, श्वास चालू, पण पडला-आपटला आहे: "मानेला मार लागल्याची शंका असेल तर" हा भाग.
- शुद्धीत आहे: शेवटून तिसरा भाग.

खात्री होत नसेल तर श्वास नाही असंच समजा.

## टप्पा ४: श्वास नसेल तर उताणंच, आणि टणक जागेवर

हा माणूस कुशीवर न्यायचा नाही. पलंगावर, गादीवर किंवा सोफ्यावर असेल तर खाली फरशीवर घ्या, कारण गादीवर दाब दिला की गादीच खाली जाते. छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांच्या मधल्या हाडावर एका तळव्याचा मनगटाकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसाल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी दुसऱ्याला बसवा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते आपल्याला कळतही नाही.

बुडालेल्याला पाण्याबाहेर काढल्यावर पालथा घालून पोट दाबतात, पाय धरून उलटा टांगतात. फुप्फुसातलं पाणी असं निघत नाही. पोटातलं अन्न मात्र घशात येतं. श्वास नसेल तर बुडालेल्याला आधी तोंडानं श्वास द्यायचे आणि लगेच छाती दाबायला लागायचं.

## टप्पा ५: श्वास चालू असेल तर कुशीवर

या टप्प्यासाठी हा लेख आहे. सावकाश वाचा आणि आज रात्रीच घरातल्या कुणावर तरी करून बघा. वाचून हे हातात येत नाही.

आधी: चष्मा काढा. ज्या कुशीवर वळवणार त्या खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट काढा. गळ्याभोवती आवळलेली ओढणी किंवा मफलर सैल करा. दोन्ही पाय सरळ करा. त्याच्या कमरेजवळ गुडघे टेकून बसा. त्याला तुमच्याकडे वळवायचं आहे, तुमच्यापासून दूर नाही.

१. तुमच्या बाजूचा हात. खांद्यातून काटकोनात बाहेर न्या, कोपरात वाकवा, तळवा आभाळाकडे. वाहतूक पोलिस गाड्या थांबवायला हात करतो तसा, फक्त जमिनीवर टेकलेला. हा हात अंगालगत राहिला तर वळवताना अंगाखाली अडकतो.

२. पलीकडचा हात. छातीवरून तुमच्याकडे आणा. त्याच्या हाताची पाठ तुमच्या बाजूच्या गालाला लावा आणि तिथेच धरून ठेवा. तुमचा तळवा त्याच्या तळव्याला भिडलेला असेल. वळवून होईपर्यंत हा हात सोडायचा नाही, कारण डोकं त्याच्याच आधारानं फिरणार आहे.

३. पलीकडचा गुडघा. मोकळ्या हातानं पलीकडच्या पायाचा गुडघा धरून वर उचला. तळपाय जमिनीवर टेकलेला हवा.

४. वळवा. आता गुडघा तुमच्याकडे ओढा, बस. खांदा ओढायचा नाही, कंबर ढकलायची नाही. उभा केलेला गुडघा पहारीसारखं काम करतो, त्याच्यामागून अख्खं अंग येतं. एका वर्गात सातवीतल्या मुलीनं आपल्या चांगल्या धिप्पाड वडिलांना असं वळवलं. आधी तिनं खांद्याला धरून दोनदा जोर लावला होता, ते जागचे हलले नव्हते. गुडघा ओढल्यावर ते इतक्या सहज तिच्याकडे आले की ती दचकून मागे सरकली आणि गालाखालचा हात सुटला. डोकं सतरंजीवर आपटलं. पायरी २ मधला "सोडायचा नाही" त्या दिवसापासून मी तीनदा सांगते.

५. वरचा पाय. मांडी आणि गुडघा दोन्ही काटकोनात ठेवा. हा पाय म्हणजे टेकू. तो सरळ राहिला तर माणूस पालथा होतो, मागे राहिला तर पुन्हा उताणा.

६. डोकं. कपाळ हळूच मागे न्या, हनुवटी पुढे. गालाखाली त्याचाच हात राहू द्या. तोंड किंचित जमिनीकडे कललेलं हवं, ओठांचा खालचा कोपरा सगळ्यात खाली. उलटी, लाळ, रक्त आपोआप बाहेर गळेल.

तपासा: खाली वाकून तोंडाकडे बघा. लाळ बाहेर येईल अशी वाट आहे का? नाक-ओठ गादीत किंवा कपड्यात रुतलेले नाहीत ना? श्वास ऐकू येतोय का? घोरणं होतं ते थांबलं का? थांबलं नसेल तर डोकं अजून जरा मागे.

माणूस आधीच कुशीवर पडलेला असेल तर उताणा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. श्वास तपासा, हात-पाय-डोकं या जागांवर आणा.

डावी कूस की उजवी, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. एरवी कुठलीही चालते, जिकडे जागा असेल तिकडे. दिवस भरत आलेली गरोदर बाई मात्र डाव्या कुशीवर, कारण उताणं किंवा उजवीकडे झोपवलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. छातीच्या एका बाजूला जखम असेल तर ती बाजू खाली, म्हणजे चांगलं फुप्फुस वर मोकळं राहतं.

वर्षाच्या आतलं बाळ असं वळवायचं नाही. हातावर घ्या, डोकं ढुंगणापेक्षा थोडं खाली, चेहरा जमिनीकडे किंवा बाजूला, मान आणि जबडा तुमच्या तळव्यानं सावरलेला, नाक-तोंड उघडं. आणि दर क्षणी बाळाचा श्वास बघत राहा.

## टप्पा ६: वळवून झालं, काम संपलेलं नाही

कुशीवर ठेवलं की लोक निःश्वास टाकतात आणि फोनवर नातेवाइकांना कळवायला लागतात. याच वेळात श्वास थांबला तर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कुशीवरचा माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो.

एका माणसानं फक्त श्वास बघायचा, दुसरं काही नाही. एक हात बरगड्यांवर ठेवला तर अंधारातही कळतं. मिनिटा-मिनिटानं खात्री करा. श्वास थांबला, आचके सुरू झाले किंवा शंका आली की तत्काळ उताणा करा आणि टप्पा ४.

अंगावर चादर टाका, खालून गारठा लागत असेल तर घोंगडी सरकवा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाणार असेल तर दुसऱ्या कुशीवर वळवा, नाहीतर खालच्या हातातला रक्तपुरवठा अडतो. गरोदर बाई मात्र डावीकडेच.

तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, लिंबू सरबत नाही, गंगाजलही नाही. मधुमेही आहे म्हणून घरचे साखर भरवू पाहतात. गिळता येत नसलेल्या माणसाला ती भरवली की श्वासनळीत जाते.

## मानेला मार लागल्याची शंका असेल तर

दुचाकीवरून फेकला गेला, स्लॅबवरून किंवा नारळाच्या झाडावरून पडला, उथळ पाण्यात सूर मारला, डोक्याला मोठी जखम आहे: असा प्रत्येक माणूस मानेला मार लागलेला आहे असं धरून चाला.

तो नीट श्वास घेत असेल आणि जागा सुरक्षित असेल तर आहे तसाच ठेवा. डोक्यामागे बसा, कोपरं जमिनीवर किंवा मांडीवर टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरा. कान झाकू नका, त्याला ऐकू आलं पाहिजे. शुद्ध आली की पहिल्यांदा तो मान हलवून इकडेतिकडे बघणार, म्हणून बोलत राहा: "मान हलवू नका, रुग्णवाहिका येतेय."

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. दोघे हात धरतात, दोघे पाय, मधला मणका पोत्यासारखा लोंबतो आणि माणूस मिळेल त्या गाडीत घातला जातो. घाई समजते. पण श्वास चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत काही मिनिटं थांबून सरळ नेणं चांगलं.

उलटी होऊ लागली, घशात घरघर वाजू लागली तर मात्र वळवायलाच हवं. मान जपताना माणूस गुदमरून गेला तर मान जपून काय उपयोग? चार जण असतील तर एक डोक्याशी, तिघे एकाच बाजूला: खांदा, कंबर, पाय. हुकूम फक्त डोक्याशी बसलेल्यानं द्यायचा. "तीन म्हटलं की वळवायचं. एक, दोन, तीन." नाक, बेंबी आणि पायांची बोटं एका वेळी एकाच दिशेला वळली पाहिजेत, ओंडका फिरतो तसं. गावात भजनी मंडळ किंवा गणेश मंडळ असेल तर हा सराव दहा मिनिटांत होतो, कारण एका तालावर हलायची सवय असते.

एकटेच असाल तर टप्पा ५ मधली पायरी १ बदला: तुमच्या बाजूचा हात काटकोनात न ठेवता डोक्याच्या वर सरळ लांबवा. वळवल्यावर डोकं त्या दंडावर टेकतं आणि मान बाजूला कमी झुकते. दोन्ही गुडघे वाकवून ठेवा.

हेल्मेट: श्वास चालू असेल तर काढू नका, पुढची काच वर करा. श्वास नसेल, उलटी आत साचत असेल तरच काढा, आणि तेही दोघांनी: एकानं खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्यानं पट्टा सोडून, हेल्मेटच्या कडा फाकवून हळूहळू ओढायचं.

## फिट आलेली असताना

झटके चालू असताना कुशीवर वळवायची झटापट करू नका. हातपाय दाबून धरू नका. दातखिळी उघडायला चमचा, बोट, काठी काहीही घालू नका: दात तुटतात, बोटं तुटतात, आणि तुटका दात श्वासनळीत जातो. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे. आजूबाजूचं फर्निचर, स्टूल, चूल यांपासून जागा मोकळी करा, डोक्याखाली घडी केलेला कपडा सरकवा आणि घड्याळ बघा. उशीला बंदी करणाऱ्या या लेखातला हा एकच अपवाद, आणि तो डोकं आपटू नये एवढ्यासाठी. झटके थांबले की कपडा काढा, श्वास तपासा, कुशीवर घ्या. ५ मिनिटांत थांबले नाहीत, शुद्ध न येताच पुन्हा सुरू झाले, आयुष्यातली पहिलीच फिट आहे किंवा बाई गरोदर आहे, तर १०८.

## शुद्धीत असलेल्या माणसाला कसं ठेवायचं

चक्कर, भोवळ. उभं धरू नका. आषाढी वारीत दिवे घाट चढताना माझ्यापुढे एक बाबा कोसळले. दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उभं धरलं, तिसरा टाळ बाजूला ठेवून उपरण्यानं वारा घालू लागला. चेहरा पांढराफटक, मान लोंबलेली. उभं ठेवल्यामुळे रक्त पायात राहत होतं, मेंदूकडे जात नव्हतं. कडेला ताडपत्रीवर आडवं केलं, पाय पडशीवर फूटभर उंच ठेवले आणि थोड्याच वेळात त्यांनी विचारलं, "माझी चिपळी कुठंय?" आडवं केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर ती साधी भोवळ नाही. टप्पा १ पासून सुरू करा. पायाला, कमरेला किंवा मणक्याला मार असेल तर पाय उचलू नका.

छातीत दुखतंय. आडवं करू नका, चालवूही नका. भिंतीला टेकवून अर्धवट बसवा, गुडघे वाकवून त्यांच्याखाली उशी किंवा लोड.

दम लागलाय. झोपवू नका. खुर्चीत पुढे झुकवून, कोपरं टेबलावर किंवा मांडीवर टेकवून बसवा. तो स्वतः जसा बसू पाहतोय तसाच बसू द्या.

पोटावर उघडी जखम. उताणं, गुडघे वाकवलेले, म्हणजे पोटाची कातडी ताणली जात नाही.

नाकातून रक्त. डोकं मागे करायला सांगणारे अजूनही घरोघरी आहेत. रक्त घशात जातं, मग उलटी. बसवून पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत १० ते १५ मिनिटं सलग धरा, मध्ये सोडून बघू नका.

सर्पदंश. पळवू नका, चालवू नका. आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर. घट्ट आवळपट्टी नको. मण्यार किंवा नागाच्या विषानं पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं. तसं दिसू लागलं की कुशीवर, आणि श्वासावर नजर.

## रुग्णवाहिका येणारच नसेल तर

रिक्षात दोघांच्या मध्ये बसवलेला बेशुद्ध माणूस हे आपल्या रस्त्यांवरचं नेहमीचं दृश्य आहे. मान पुढे लोंबलेली, हनुवटी छातीला, म्हणजे श्वासाची वाट बंद. रिक्षा टाळा. टेम्पो, पिकअप, जीप मिळवा, मागच्या भागात कुशीवर ठेवा, डोक्याशी एक जण बसवा ज्याचं काम फक्त श्वास बघणं.

नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतल्या ज्या पाड्यांपर्यंत रस्ता नाही तिथे झोळीतून आणावं लागतं. झोळीचं कापड मध्ये खोल जातं आणि हनुवटी पुन्हा छातीला टेकते. आत फळी घाला किंवा घरचं दार काढून त्यावर बांधा. तेही नसेल तर झोळीत कुशीवर ठेवा, चेहरा उघडा, आणि खांदेकरी बदलताना दर वेळी खाली टेकवून श्वास बघा. चेहऱ्यावर ऊन लागतं म्हणून चादर ओढतात, ती ओढू नका. सावली वरून धरा.

## रुग्णवाहिका आल्यावर

त्यांनी ताबा घेईपर्यंत हात काढू नका. डोकं धरलेलं असेल तर "आता सोडा" असं ते म्हणेपर्यंत धरून ठेवा. मग एवढं सांगा: किती वाजता पडला, कसा पडला, सापडला तेव्हा कसा होता, तुम्ही किती वाजता वळवला, उलटी झाली का, मध्ये श्वास थांबला होता का, शुद्ध आली-गेली का. रोजच्या गोळ्यांचं पाकीट, फवारणीच्या औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल सोबत द्या. वेळा लक्षात राहत नाहीत. नेमलेल्या माणसाला सुरुवातीलाच मोबाइलवर लिहून ठेवायला सांगा, नाहीतर पेनानं स्वतःच्या हातावर लिहा.